‘भाच्याची आहे’ असं सांगायची वेळ का आली

वाचकाचं पत्र:

“ताई, मी ३४ वर्षांचा आहे, आयटीत नोकरी करतो. बरीच वर्षं झाली, मला मॉडेल रेल्वेचा छंद आहे. एन स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १/१६० मापात, १२० बाय ६० सेंटीमीटरच्या फळीवर एक छोटं जंक्शन बांधतोय, रूळ मीच टाकलेत, वायरिंग माझं, डोंगर झाडं स्टेशन सगळं हाताने केलेलं. पण हे मी जवळपास कुणालाच सांगत नाही. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे हा लेआउट, म्हणजे सगळं मांडलेली फळी, दिसला, टीम लीड म्हणाली, ‘अरे वा, मुलाची ट्रेन का?’ आणि मी पटकन बोलून गेलो, ‘नाही, भाच्याची आहे.’ मला भाचाच नाहीये. दुसरीकडे हिंमत करून एका क्लबच्या मीटिंगला गेलो तर तिथे सगळे रिटायर्ड काका, एकाने विचारलं, ‘आजोबांबरोबर आलास का?’ म्हणजे बाहेर पण मी लहान मूल आणि आत पण लहान मूल. खरं सांगू का, त्यांच्याकडे बघून वाटलं की मी यांच्यातला नाहीये, मला इतक्यात म्हातारं व्हायचं नाहीये. आता चार महिन्यांनी आम्हाला बाळ होणार आहे, सासरे म्हणतात, ‘चला, आता तुमच्या खेळण्याचा काहीतरी उपयोग होईल.’ बायको चिडवत नाही पण ती खोली बाळासाठी हवी असं म्हणते. लोकांना कसं पटवून देऊ की हे खेळणं नाहीये? की सोडूनच देऊ?”

ताईचं उत्तर:

सोडायचं नाही, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न तो होता आणि वाचताना मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच झाला. बाकीचं सावकाश बोलू.

तू चार माणसांचं बोलणं लिहिलंयस, टीम लीड, क्लबातले काका, सासरे आणि बायको, आणि चौघांनाही एकाच मापाने मोजलंयस. जरा सुटं करून बघ. बायको तुझ्या वयाबद्दल किंवा छंदाबद्दल एक शब्द बोललेली नाही, तिला खोली हवीय, आणि चार महिन्यांनी बाळ येणार असेल तर ती हवीच ना. टीम लीड ‘अरे वा’ म्हणाली. हसली नाही, नाक मुरडलं नाही, तिला मागे एक छोटी गाडी दिसली आणि तिच्या डोक्यात जे पहिलं चित्र होतं ते तिने बोलून दाखवलं. भाचा तू आणलास. म्हणजे लोक हसतील ही भीती तुझ्या मनात आधीच इतकी पक्की बसलीय की कुणी हसायच्या आतच तू लपून बसतोस. याला मी तुझा दोष म्हणत नाहीये हां, मी या छंदातले इतके लोक बघितलेत जे वर्षानुवर्षं हेच करतात, कपाटाचं दार लावून घेतात, पाहुणे यायच्या आधी फळीवर चादर टाकतात, आणि चांगले कर्ते-सवरते लोक असतात हे.

आता टीम लीडच्या डोक्यात ते चित्र आलं कुठून, हे समजून घेतलंस तर राग बराच निवेल असं मला वाटतं. या छंदाची सुरुवात खरंच खेळण्यातून झालीय. जर्मनीतली मेर्क्लिन कंपनी १८५९ साली सुरू झाली ती बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातलं सामान बनवायला, आणि १८९१ मध्ये लायपझिगच्या जत्रेत त्यांनी चावीची गाडी आणि तिच्यासोबत वाढवत नेता येतील असे रूळ मांडले, म्हणजे आज एक वर्तुळ घ्या, पुढच्या वर्षी सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा भाग) घ्या, त्याच्या पुढे स्टेशन घ्या. इंग्लंडमध्ये मेकॅनो बनवणाऱ्या फ्रँक हॉर्नबीच्या चावीच्या गाड्या १९२० मध्ये आल्या. अमेरिकेत लायोनेल १९०० पासून. आणि या सगळ्यांच्या जाहिराती कशा असायच्या, तर जमिनीवर बसलेला मुलगा आणि शेजारी कौतुकाने बघणारे वडील. मुलगीसुद्धा नाही बरं का, मुलगाच. १९५० च्या दशकापर्यंत अमेरिका आणि युरोपात हे सगळ्यात हवंहवंसं खेळणं होतं, मग घरात टीव्ही आला, खाचेतून धावणाऱ्या स्लॉट कार आल्या, नंतर व्हिडिओ गेम आले आणि नवीन मुलं तिकडे वळली.

पण ज्या मुलांना तेव्हा ही गाडी मिळाली होती ती कुठे गेली? ती आज सत्तर-पंचाहत्तरच्या पुढे आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी मधली वीस-तीस वर्षं नोकरी, संसार, भाड्याची घरं या धबडग्यात सगळं खोक्यात भरून ठेवलं आणि मुलं मार्गी लागल्यावर, एक खोली रिकामी झाल्यावर, पुन्हा ते खोकं उघडलं. क्लबात तुला दिसले ते हे लोक. म्हणजे ‘लहान मुलांचं खेळणं’ आणि ‘रिटायर्ड लोकांचा टाइमपास’ ही दोन चित्रं वेगळी नाहीतच, एकाच पिढीचे दोन फोटो आहेत, एक लहानपणीचा आणि एक आत्ताचा. मधल्या वयाचा फोटोच कुणी काढला नाही, कारण तेव्हा त्यांच्याकडे वेळ नव्हता आणि जागा नव्हती. तू त्या न काढलेल्या फोटोतल्या वयात आहेस, म्हणून लोकांना तुला कुठे ठेवायचं ते कळत नाही.

आणि अजून एक गोष्ट, क्लबाच्या मीटिंगा असतात तरी कधी? आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी नाहीतर संध्याकाळी लवकर. प्रदर्शनात दोन दिवस टेबलामागे उभं राहायला सुट्टी कुणाला मिळते? ज्याला सुट्टी मागावीच लागत नाही त्याला. तुझ्या वयाचे लोक रात्री अकराला घरचे झोपल्यावर टेबललॅम्पखाली इंजिनात डिकोडर, म्हणजे कंट्रोलरचे हुकूम समजणारी चिप, बसवत असतात, ते दिसत नाहीत कुणाला. दिसत नाहीत म्हणून नाहीतच असं लोक धरून चालतात, आणि मला वाटतं तूही तेच धरून चाललायस.

तरुण लोक या छंदात नाहीत असं म्हणणाऱ्याला मी नेहमी दोन गोष्टी सांगते. एक, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९४६ मध्ये टेक मॉडेल रेलरोड क्लब सुरू झाला. विद्यार्थ्यांचा क्लब, अठरा-वीस-बावीस वर्षांची पोरं. त्यांच्यात एक गट फक्त सिग्नल आणि पॉवरचं बघायचा, टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, वापरून त्यांनी लेआउटची अशी काही कंट्रोल सिस्टिम उभी केली की त्यातूनच त्यांना कॉम्प्युटरचं वेड लागलं. आज आपण टेक्निकल अर्थाने ‘हॅक’ आणि ‘हॅकर’ म्हणतो ते शब्द ज्या ठिकाणांहून रुळले त्यात हा क्लब सगळ्यात आधी येतो, आणि १९६२ चा स्पेसवॉर हा अगदी सुरुवातीचा कॉम्प्युटर गेम लिहिणारा स्टीव्ह रसेल आणि त्याचे साथीदार याच क्लबातले. तू आयटीत आहेस ना? मग तुझ्या नोकरीचं आणि तुझ्या छंदाचं हे इतकं जवळचं नातं आहे आणि तू ऑफिसातच तोंड लपवतोयस, हे मला फार लागलं.

दुसरी गोष्ट हॅम्बर्गच्या मिनिएटूर वंडरलँडची. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन हे जुळे भाऊ नाइटक्लब चालवायचे. २००० साली फ्रेडरिक झुरिकला गेला होता, तिथे एका मॉडेल रेल्वेच्या दुकानात शिरला आणि लहानपणीचं सगळं परत उसळून वर आलं, त्याने भावाला फोन करून सांगितलं की आपण जगातली सगळ्यात मोठी मॉडेल रेल्वे बांधायची. गेरिटला आधी वाटलं याचं डोकं फिरलंय. २००१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ती उघडली, तेव्हा दोघं ३३ वर्षांचे होते, म्हणजे तुझ्यापेक्षा एक वर्षाने लहान. आजपर्यंत दोन कोटींहून जास्त लोक ती बघून गेलेत आणि तिथे हजारावर गाड्या धावतात. तू असलं काही करावंस म्हणून सांगत नाहीये, तुझी १२० बाय ६० ची फळी पुरेशी आहे. फक्त ‘चौतिशीत हे कोण करतं’ हा प्रश्न पुढच्या वेळी मनात आला तर ही दोन नावं आठव.

आता तुझ्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते, आणि इथे मी तुझी बाजू घेणार नाहीये. ‘मला इतक्यात म्हातारं व्हायचं नाहीये.’ लोकांनी तुला वयावरून मोजलं म्हणून तुला वाईट वाटलं, आणि त्याच पत्रात तू खोलीभर माणसांना केसांच्या रंगावरून मोजून मोकळा झालास. त्यांच्यातल्या एकाशीही दहा मिनिटं बोललायस असं पत्रावरून वाटत नाही. ‘आजोबांबरोबर आलास का’ हे विचारणारा माणूस चुकला, सरळ चुकला, नव्या माणसाचं असं स्वागत करत नाहीत आणि मग हेच क्लब तक्रार करतात की तरुण येत नाहीत, पोरं सारखी मोबाईलमध्ये असतात. पण तू जे मनात म्हणालास तेही त्याच मापाचं आहे. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ मधला एक अभ्यास आहे, पन्नाशीच्या पुढच्या ६६० लोकांचा, त्यात ज्यांचं स्वतःच्या वय वाढण्याबद्दलचं मत चांगलं होतं ते इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. म्हातारपणाबद्दल आपण विशी-तिशीत जे मनात साठवतो ते पुढे आपल्यालाच लागू होतं, कारण तोपर्यंत ते म्हातारे आपण झालेलो असतो. आणि तुझ्या बाबतीत तर हे फार ठळक आहे, हा छंद तुला सुटणार नाहीये हे तुलाही माहितीय, म्हणजे अजून तीस-पस्तीस वर्षांनी त्या खुर्चीत तूच बसलेला असणार.

मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, एचओ स्केलमध्ये, म्हणजे तुझ्यापेक्षा मोठ्या मापात, काम करते, आणि प्रदर्शनात माझ्याच लेआउटपाशी उभी असताना लोक येऊन मला विचारतात, मिस्टर कुठे गेलेत, त्यांना एक विचारायचं होतं. वयाचा साचा असतो तसा हाही एक साचा. मी शांतपणे सांगते की हे माझं आहे, विचारा काय विचारायचंय, आणि मग ते विचारतात आणि आम्ही अर्धा तास सांध्याच्या वायरिंगवर बोलतो. बहुतेक लोकांना एक वाक्य पुरतं, खरंच पुरतं.

त्यामुळे ‘हे खेळणं नाहीये’ हे पटवून द्यायच्या भानगडीत तू पडू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. या छंदातले पुष्कळ लोक आयुष्यभर हीच लढाई लढतात. कुणी म्हणालं ‘छान खेळणं आहे’ की लगेच लालबुंद, हे स्केल मॉडेल आहे, हे एक भागिले एकशेसाठ आहे, वगैरे. बरोबर आहे ते. युरोपातल्या कितीतरी कंपन्यांच्या बॉक्सवर स्वच्छ छापलेलं असतं की १४ किंवा १५ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, इतके बारीक आणि टोकदार भाग असतात त्यात. पण समोरच्याला ऐकू काय येतं? ऐकू येतं की हा माणूस चिडला, म्हणजे कुठेतरी दुखतंय. आणि दुसरं म्हणजे, खेळण्यात वाईट काय आहे? कॅरम खेळणाऱ्या, क्रिकेट खेळणाऱ्या, रात्री दोनपर्यंत व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मोठ्या माणसाला कुणी असं विचारत नाही. गाडी स्टेशनात हळूच येऊन बरोबर सिग्नलपाशी थांबते तेव्हा तुला जो आनंद होतो तो खेळाचाच आनंद आहे, तो नाकारून तू मोठा होणार नाहीस, उलट ज्या गोष्टीसाठी एवढं करतोस तीच गमावशील.

मग टीम लीडला सांगायचं काय? लांबलचक समजावणं नको, बचाव नको, इतिहास तर अजिबात नको. या आठवड्यात जे केलंस ते सांग. ‘तो लेआउट माझा आहे, त्या दिवशी उगाच भाच्याचं नाव घेतलं. सध्या सिग्नल बसवतोय, गाडी पुढे गेली की मागचा आपोआप लाल होतो.’ एवढंच. असं ठोस काहीतरी ऐकलं की लोकांच्या डोक्यातलं वर्तुळात फिरणाऱ्या गाडीचं चित्र आपोआप मागे पडतं, कारण त्यांना माहितीच नसतं की यात सर्किट असतं, सुतारकाम असतं, रंगकाम असतं, डीसीसी या डिजिटल कंट्रोलच्या पद्धतीत प्रत्येक इंजिनाला स्वतःचा पत्ता असतो आणि एकाच रुळावरची दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. हे काम दिसत नाही हीच या छंदाची अडचण आहे. रॉड स्ट्युअर्टचं उदाहरण बघ, एवढा मोठा गायक, त्याने वीस वर्षांहून जास्त काळ खपून १९४० च्या दशकातल्या अमेरिकन शहराचा प्रचंड लेआउट बांधला, दौऱ्यावर असताना हॉटेलात फक्त इमारती बनवायला वेगळी खोली घ्यायचा. २०१९ मध्ये त्याचे फोटो छापून आले तेव्हा एका रेडिओ कार्यक्रमात सूर निघाला की हे त्याने स्वतः थोडंच केलं असेल, तर त्याने स्वतः फोन लावला आणि सांगितलं की ९० टक्के मी केलंय, इलेक्ट्रिकचं मला जमत नाही म्हणून ते दुसऱ्याकडून करून घेतलं. किती सरळ उत्तर आहे. काय केलं, काय केलं नाही, संपलं.

कुणी घरी बघायला आलं तर दोन गोष्टी कर. पहिली, गाडी हळू चालव. हे ऐकायला फालतू वाटेल पण मॉडेल खेळण्यासारखं दिसतं त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, नवीन माणूस थ्रॉटल, म्हणजे वेगाचं बटण, पूर्ण उघडतो आणि गाडी भिंगरीसारखी फिरते. तुझ्या स्केलला हिशोब कर, ताशी ६० किलोमीटर भागिले १६० म्हणजे तासाला ३७५ मीटर, म्हणजे सेकंदाला जेमतेम १० सेंटीमीटर. तुझी फळी पार करायला गाडीला बारा सेकंद लागले पाहिजेत. यार्डात तर त्याच्याही निम्म्या-पाव वेगाने. २३ मीटरचा डबा तुझ्याकडे साडेचौदा सेंटीमीटरचा झालाय, प्लॅटफॉर्मवरचा माणूस एक सेंटीमीटरचा, आणि त्या मापात गाडी खरोखरीच्या वेगाने सरकायला लागली की बघणारा आपोआप खाली वाकतो, डोळा रुळाच्या पातळीला आणतो, आणि बोलणं बंद करतो. मी हे कितीतरी जणांच्या बाबतीत बघितलंय, आठ वर्षांच्या पोरीपासून ऐंशीच्या आजींपर्यंत.

दुसरी, कंट्रोलर त्यांच्या हातात दे. नुसतं बघून लोक पाच मिनिटांत कंटाळतात, त्यात त्यांचा काय दोष. त्यांना काम दे. इंगलनुक नावाचं शंटिंगचं, म्हणजे डबे मागेपुढे करून लावायचं, जुनं कोडं तुला माहीत असेल, नसेल तर आजच फळीच्या एका कडेला कर, जास्त जागा लागत नाही. तीन सायडिंग (बाजूचे बंद रूळ), एकात पाच वॅगन मावतात, बाकी दोघांत तीन-तीन, आणि एकूण आठ वॅगन. चिठ्ठ्या टाकून पाच वॅगन काढायच्या आणि निघालेल्या क्रमाने लावून गाडी तयार करायची. आठातल्या पाचांचे ६७२० वेगवेगळे क्रम होतात, म्हणजे संपायची भीती नाही. तुझ्या सासऱ्यांना बसव यावर. माझा अनुभव असा की पहिल्या दोन मिनिटांत माणूस म्हणतो हे काय सोपं आहे, मग गप्प होतो, मग म्हणतो थांब थांब, मला करू दे. त्यानंतर ‘तुमचं खेळणं’ हा शब्द त्यांच्या तोंडून आला तरी त्याचा सूर वेगळा असेल.

क्लबात परत जा. एकदा तरी जा. पण या वेळी हातात काहीतरी घेऊन जा, अडलेलं काहीतरी, न चालणारं इंजिन, नीट न बसणारा सांधा. अडचण घेऊन आलेल्या माणसाला कुणी वय विचारत नाही. त्यांच्यातल्या कुणी खऱ्या सिग्नल केबिनमध्ये नोकरी केली असेल, कुणाला आयुष्यभराचं सोल्डरिंग येत असेल, ही माहिती कुठल्याच व्हिडिओत मिळत नाही आणि ती माणसं कायमची राहणार नाहीत. आणि तुझ्याकडेही त्यांना हवं असलेलं काहीतरी आहे. चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास व्हायला लागतो, पुढे हात थोडा थरथरतो, म्हणून एन स्केलमधले कितीतरी लोक नाइलाजाने मोठ्या स्केलकडे जातात. तुझे डोळे, तुझे हात, आणि थ्रीडी प्रिंटिंग, डिकोडरचं प्रोग्रॅमिंग, लेआउट चालवणारं जेएमआरआयसारखं फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर बसवून देणं, हे तू अर्ध्या तासात करशील, त्यांना त्याला महिना लागेल. तो आजोबांवाला प्रश्न विचारणारा माणूस परत भेटला तर टोमणा मारू नकोस, ‘मी एकटाच आलोय, माझा स्वतःचा लेआउट आहे’ म्हण आणि फोनवर फोटो दाखव. आणि समज तिथली माणसं दोन-तीनदा जाऊनही तशीच वागली, तर तो क्लब सोड, छंद नाही.

आता खोली. इथे वयाचा काही संबंध नाही आणि तू तो लावू नकोस, म्हणजे बायकोने जागा मागितली की ‘तुला पण हे पोरकट वाटतं’ असं म्हणायचं नाही. ती जागा मागतेय. तू आपणहून आधी द्यावीस असं मला मनापासून वाटतं, तिने तिसऱ्यांदा मागायच्या आत. एन स्केल निवडलंस हे नशीब. टी-ट्रॅक पद्धतीचे मॉड्यूल करायला घे, एक मॉड्यूल साधारण ३१ सेंटीमीटर लांबीचा डबा असतो, कपाटाच्या फळीवर मावतो, टेबलावर मांडून एकमेकांना जोडता येतो, आणि इतरांच्या मॉड्यूलांनाही जोडता येतो, म्हणजे उद्या क्लबाबरोबर प्रदर्शनात मांडायचं झालं तर तेही होईल. जंक्शनची फळी उभी करून भिंतीला लावता येते का बघ, धूळ बसू नये म्हणून झाकण कर. बाळ आल्यावर पहिलं वर्ष तुझ्याकडे वेळच नसणार, हे धरून चाल आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. रात्री वीस मिनिटं मिळाली तर एक झाड होतं, एका वॅगनचं वेदरिंग, म्हणजे ती वापरलेली दिसावी म्हणून रंगवणं, होतं.

राहिले सासरे आणि बाळ. सासऱ्यांना वाईट बोलायचं नव्हतं असं मला वाटतं, त्यांना नातवंडाचा आनंद झालाय आणि तो त्यांना येतो तसा त्यांनी बोलून दाखवला. पण तू मात्र एक सांभाळ. उद्या बाळ झालं की तुला आयतं निमित्त मिळणार आहे, कुणीही विचारलं की ‘मुलाची आहे’, आणि या वेळी ते खोटंही वाटणार नाही. ते निमित्त घेऊ नकोस. एक तर ते त्या पोरावर ओझं होतं, बाबाच्या छंदाचा वारस असल्याचं, आणि त्याला किंवा तिला पुढे गाड्या आवडल्याच नाहीत तर दोघांनाही उगाच काहीतरी मोडल्यासारखं वाटतं. आवडल्या तर सोन्याहून पिवळं. नील यंग या गायकाने आपल्या मुलासाठी काय केलं ते तुला सांगते, मुलाला सेरेब्रल पाल्सी होती, साधा कंट्रोलर हाताळता यायचा नाही, म्हणून त्याने मोठ्या बटणांचे कंट्रोल बनवून घेतले जेणेकरून मुलगा स्वतः गाड्या चालवू शकेल, आणि त्या कामात तो इतका खोल गेला की पुढे लायोनेल कंपनीतच भागीदार झाला. तिथे खेळणं कुठे संपलं आणि गंभीर काम कुठे सुरू झालं ते सांगता येणार नाही, आणि सांगायची गरजही त्या दोघांना पडली नसेल. पण छंद बापाचाही होता हे त्याने कधी लपवलं नाही.

आणि ‘उपयोग होईल’ यावर सासऱ्यांना एक साधी माहिती मात्र स्पष्ट दे, तुझी एन स्केलची गाडी लहान बाळासाठी नाहीच आहे, गंमत म्हणूनसुद्धा हातात द्यायची नाही. कपलिंग, चाकं, बफर हे सगळे घशात अडकतील एवढे छोटे भाग आहेत, आणि डबे जोडणारे मॅग्नेटचे कपलर वापरत असशील तर ते तर मोजून, डबीत बंद करून, उंचावर ठेव, कारण दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून चिकटतात आणि ऑपरेशनची वेळ येते. तिसऱ्या वर्षाच्या आसपास लाकडी रुळांची गाडी आणा, ती खरंच त्याच्यासाठी, त्याच्या नावाची, आणि ती आणायचं काम सासऱ्यांनाच दे. तोपर्यंत तुझं सोल्डरिंग दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, शक्यतो शिसं नसलेल्या तारेने, आणि झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला उचलायचं नाही.

तुझी,
ताई